रिकामे घर, बेघर वस्तू

एखाद्या जुन्या वास्तूचे संग्रहालय होते तेव्हा ती वास्तू स्वतःविषयी बोलते की आत मांडलेल्या वस्तूंविषयी? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस पिनांग बेटावरील जॉर्ज टाऊन येथील एका चिनी वाड्याचे उदाहरण विशेष बोलके वाटते. चर्च स्ट्रीटवरील, फिकट हिरव्या रंगाच्या या वाड्याचे मूळ नाव 'हाय की चान'. आज तो 'पिनांग पेरानाकान मॅन्शन' या नावाचे खासगी पुराणवस्तू-संग्रहालय आहे.

वाडा बांधला चुंग केंग क्वी यांनी. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून आलेले हे हक्का गृहस्थ 'हाय सान' या गुप्त मंडळाचे म्होरके होते. पेराक संस्थानातील लारुत येथील कथिलाच्या खाणींवरून हाय सान आणि 'घी हिन' या मंडळांमध्ये १८६१ ते १८७४ या काळात अनेकदा रक्तरंजित लढाया झाल्या. १८७४ च्या पांगकोर कराराने त्या थांबल्या, आणि त्याच निमित्ताने पेराकमध्ये ब्रिटिश रेसिडेंटचा शिरकाव झाला. पुढे चुंग पेराकच्या राज्य-मंडळाचे सदस्य व 'कापितान' झाले. १८९० मध्ये गुप्त मंडळांवर कायद्याने बंदी आली. त्यानंतर, १८९३ साली, चुंग यांनी घी हिनच्या मुख्यालयाची जागा विकत घेतली आणि तेथेच आपला वाडा उभारला. प्रतिस्पर्ध्याच्या जोत्यावर बांधलेले हे घर म्हणजे एका परीने विजयस्तंभच होय.

मधला चौक आणि कोरीव लाकडी पडदे चिनी, ओतीव लोखंडाचे खांब स्कॉटलंडचे, फरश्या इंग्लंडच्या. या संपत्तीचा उगम कथिलात, आणि कथिल उपसणाऱ्या मजुरांच्या घामात आहे, हे मात्र या भिंती सांगत नाहीत.

आतील संग्रह वेगळीच कथा सांगतो. हजाराहून अधिक वस्तू येथे आहेत: शिंपल्यांच्या जडावाचे काळ्या लाकडाचे फर्निचर, मण्यांनी भरलेली पादत्राणे, दागिने, आणि चीनमध्ये खास न्योन्या घरांसाठी घडवलेली गुलाबी-हिरवी चिनीमातीची भांडी. हे सारे वैभव बाबा-न्योन्यांचे, म्हणजे मलाया द्वीपकल्पात पिढ्यान्‌पिढ्या राहून स्थानिक रीती अंगीकारलेल्या चिनी वंशजांचे. 'पेरानाकान' या मलय शब्दाचा अर्थच मुळी 'येथे जन्मलेले' असा आहे. चुंग यांचा जन्म मात्र चीनमधला. ते बाबा नव्हेत. म्हणजे घर एकाचे आणि संसार दुसऱ्यांचा!

याला फसवणूक म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९३० च्या दशकातील मंदी आणि १९४१ ते १९४५ चा जपानी अंमल यांत अनेक बाबा घराण्यांची आर्थिक घडी विस्कटली. वाडवडिलांच्या वस्तू बाजारात आल्या. इकडे वाडाही कालांतराने ओस पडून मोडकळीस आला होता. एका खासगी संग्राहकाने तो विकत घेऊन डागडुजी केली आणि आपला संग्रह तेथे मांडला. तो नसता तर कदाचित वाडाही उरला नसता आणि वस्तूही देशोदेशी पांगल्या असत्या. बेघर वस्तूंना घर मिळाले, रिकाम्या घराला संसार मिळाला.

तरीही वाचकाने सावध असावे. हे संग्रहालय म्हणजे एक वेचे-संग्रह आहे. अनेक घरांतील निवडक पाने त्यात एकत्र बांधली आहेत. वेचे-संग्रहाला कोणी आत्मचरित्र समजू लागले की घोटाळा होतो. सोहळ्याचे, विवाहाचे, मेजवानीचे वेचे भरपूर आहेत. खाणीचे, मंडळांच्या वैराचे पान जवळजवळ कोरे आहे. चुंग यांची स्मृती शेजारच्या पितृमंदिरात, त्यांच्या पूर्णाकृती कांस्य पुतळ्यापाशी टिकून आहे. खाणकामगारांचा मात्र ना पुतळा, ना दालन. वस्तू जपल्या जातात त्या ज्यांच्याकडे वस्तू होत्या त्यांच्याच. वाङ्मयाच्या इतिहासातही याहून वेगळे काय घडते?