रहीमसाहेब मोठे की कुलासो?

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलातून संध्याकाळी फुटबॉल खेळून बाहेर पडणाऱ्या पोरांचा एक वाद कधीच संपत नाही. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मोठा की पेप ग्वार्दिओला? एक जण मोबाइल काढून ट्रॉफ्या मोजतो. दुसरा म्हणतो, "अरे, तेव्हाचा खेळच वेगळा होता." मग दोघंही बरोबर असतात आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जातं.

मी याच परिसरात राहतो, त्यामुळे हा वाद मला फुकटात ऐकायला मिळतो. आणि दर वेळी वाटतं, यासाठी मँचेस्टरपर्यंत जायची गरज नाही. आपल्या स्टेशनवरून काचीगुड्याची गाडी जाते ना, त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला एक शाळामास्तर होता. त्याने भारताला दोनदा आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. आणि त्याच्या उमेदीच्या काळात ते शहर आपली राजधानी होतं.

रुळांच्या त्या टोकाला

सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली 'मैदान' आला तेव्हा अजय देवगणमुळे हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. जन्म १९०९, हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि विद्यापीठाच्या संघाचे खेळाडू. पुढे काचीगुडा मिडल स्कूल आणि शहरातल्या आणखी काही शाळांमध्ये शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस या संघाला त्यांनी घडवलं. १९५१ची दिल्लीतली आशियाई स्पर्धा, १९५२चं हेलसिंकी, १९५६चं मेलबर्न, १९६०चं रोम आणि १९६२चं जकार्ता, या सगळ्या ठिकाणी भारताचे प्रशिक्षक तेच होते.

आता नकाशा जरा आठवा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६पर्यंत तो स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्याचा भाग होता. १९५८ साली इथं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती. म्हणजे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी मुंबईत जाऊन रोव्हर्स कप उचलला, तेव्हा औरंगाबादच्या दृष्टीने ती आपल्याच राज्याची टीम होती. मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झालं २२ नोव्हेंबर १९५६ला. राज्य मोडून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

निजामाच्या पोलिसांबद्दल मराठवाड्याच्या आठवणी काय आहेत, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. त्या पुसण्याचं काही कारण नाही. पण राज्यांची वाटणी झाली तेव्हा आठवणींचीही झाली. मुक्तिसंग्राम आपल्याकडे आला आणि फुटबॉल पलीकडे राहिला. रहीमसाहेब आपल्या एकाही क्रीडादिनाच्या भाषणात येत नाहीत, ते त्यामुळेच असावं.

मांडवीच्या काठावर

आता दुसरा माणूस. आर्मांदो कुलासो, गोवा. धेंपो स्पोर्ट्स क्लबचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी देशाचं लीग विजेतेपद पाच वेळा मिळवलं: २००४-०५ आणि २००६-०७ची नॅशनल फुटबॉल लीग, मग २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ची आय-लीग. आठ हंगामांत पाच. २००८मध्ये धेंपो एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११मध्ये कुलासोंना काही काळ भारतीय संघही मिळाला. विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीकडून ०-३ हार आणि मग दिल्लीत २-२ बरोबरी. २०२४च्या पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव विभागातला द्रोणाचार्य मिळाला.

द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली. रहीमसाहेब कर्करोगाने गेले ११ जून १९६३ला. तेव्हा पुरस्कारांच्या यादीत दोघांची तुलना करायला गेलात तर एक रकाना आधीच रिकामा आहे.

या दोघांना एकत्र आणणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निजामाचं हैदराबाद आणि पोर्तुगीजांचा गोवा, दोन्ही प्रदेश ब्रिटिश हिंदुस्थानात थेट नव्हते आणि दोन्ही १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र भारतात आले नाहीत. एक आला १९४८ला, दुसरा १९६१ला. कोलकात्यापासून इतक्या लांब, स्वतःचा फुटबॉल स्वतःच वाढवणारे हे दोन कोपरे. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईत खेळणारा गोवेकर कुटुंबातला मुलगा होता. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. त्याचे प्रशिक्षक हैदराबादचे मास्तर. म्हणजे हे दोन कोपरे कुलासोंच्या कितीतरी आधी एकमेकांना भेटले होते.

ट्रॉफ्या मोजून का भागत नाही

अमेरिकेत या वादाला जवळजवळ धर्माचं रूप आहे. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा. पण तिथं कॉलेजच्या संघांचे प्रशिक्षक राज्यपालांपेक्षा जास्त ओळखीचे असतात. अलाबामा विद्यापीठाचे बेअर ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्याच विद्यापीठाच्या निक सेबन यांनी २००७ ते २०२३मध्ये सहाच मिळवली. त्याआधी लुइझियानात मिळवलेलं एक धरलं तर सात. मग सेबन मोठे?

हिशेब इतका सोपा नाही. ब्रायंट यांच्या कारकिर्दीचा अर्ध्याच्या आसपासचा काळ अलाबामाचा संघ फक्त गोऱ्या मुलांचा होता. त्यांच्याच गावातली काळी मुलं त्यांच्या मैदानावर येऊ शकत नव्हती. सेबन यांनी सगळ्या देशातून मुलं निवडली, पण त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीही तेच केलं. दोघांच्या खात्यात आकडा सारखाच दिसतो, पण त्यामागे मैदानावर कुणाला प्रवेश होता आणि कुणाला नव्हता, याचा इतिहास आहे.

हाच चष्मा लावून रहीमसाहेबांकडे पाहू. १९५६ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. अभिमानाची गोष्ट आहेच. पण त्या स्पर्धेत अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे अकराच संघ उरले होते. भारताला पहिल्या फेरीत हंगेरीविरुद्ध पुढे चाल मिळाली. मग ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं की थेट उपांत्य फेरी. तिथं युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ०-३. १९५१ला दिल्लीत सहा संघ होते, १९६२ला जकार्तात आठ. नुसता पदकांचा फोटो पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

आता कुलासोंकडेही त्याच नजरेनं पाहू. त्यांना बाद फेरीचे चार सामने नाही, वर्षभराची लीग जिंकायची होती. २०११-१२च्या हंगामात सव्वीस सामने होते. त्यात सातत्य लागतं. पण त्यांच्या हाताशी परदेशी खेळाडूही होते. त्या हंगामात नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने एकट्याने बत्तीस गोल केले. रहीमसाहेबांच्या हाताशी होते हेलसिंकीला अनवाणी खेळणारे गडी. तिथं युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं आणि त्यानंतर भारतीय फुटबॉलला बूट घालायची सक्ती झाली.

तीन प्रश्न

म्हणून मी ट्रॉफ्या बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारतो. हातात काय होतं? त्याचं काय केलं? आणि माणूस गेल्यावर मागे काय उरलं?

पहिल्याचं उत्तर वर आलंच. दुसऱ्यासाठी जकार्ता पाहा. १९६२च्या त्या स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी बाहेर ठेवलं, त्यावर भारतीय क्रीडा संघटक जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला. त्यामुळे अख्खं जकार्ता भारतावर चिडलेलं. भारतीय वकिलातीवर हल्ला झाला. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. दुसरा कुणी असता तर त्याला बाकावर बसवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य सामन्यात थेट आघाडीला उभं केलं. जर्नेलने त्या सामन्यात गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यातही. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलच्या गोलांवर त्याच कोरियाला २-१ हरवून भारताने सुवर्ण घेतलं.

हा किस्सा सिनेमाला शोभतो. मला मात्र त्यांचं दुसरंच काम जास्त मोठं वाटतं, आणि ते पडद्यावर मावणारं नाही. हैदराबादमध्ये ते मुलांसाठी अशा स्पर्धा भरवायचे ज्यात चेंडू पायाशी घोळवत नेण्याला मनाई. आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. काही स्पर्धांत फक्त कमजोर पायानेच खेळायचं. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने, डाव्याच्याने उजव्याने. अशा स्पर्धेत कोण जिंकलं याला फारसा अर्थ राहत नाही. प्रत्येक मुलगा अडखळणार, हसं होणार, आणि दोन वर्षांनी त्याचे दोन्ही पाय चालायला लागणार. यासाठी लागणारा खर्च: एक चेंडू आणि धीर.

कुलासोंची कल्पनाही साधी होती: चेंडू जमिनीवर ठेवा आणि गोव्याच्या मुलांवर विश्वास टाका. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही नावं धेंपोमुळे देशभर गेली. आणि ती बरीच वर्षं एकत्र खेळली. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एक संघ इतका काळ एका माणसाच्या हाताखाली टिकणं हीच दुर्मीळ गोष्ट.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. रहीमसाहेबांचा शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झाला. १९७७ला पेले कॉसमॉस संघ घेऊन कोलकात्यात आला, तेव्हा त्यांना २-२ असं रोखणाऱ्या मोहन बागानचे प्रशिक्षक पी. के. होते. कुलासोंचा क्लिफर्ड मिरांडा २०२३ला ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून देऊन गेला. समीर नाईकने धेंपोचीच जबाबदारी घेतली. दोन्ही झाडांना फांद्या फुटल्या.

पण जमिनीचं काय? १९६०च्या रोमनंतर भारत ऑलिम्पिक फुटबॉलला गेलेला नाही. आशियाई स्पर्धेतलं शेवटचं पदक १९७०चं कांस्य. कुलासो २०१३ला धेंपोतून बाहेर पडले. दोन वर्षांत क्लब खालच्या श्रेणीत घसरला. तिथून वर आला तोच २०१६ला गोव्याच्या इतर दोन मोठ्या क्लबांसह त्याने आय-लीगच सोडली. दोन्हीकडे माणूस गेला आणि त्याच्यासोबत पद्धतही विरत गेली. झाडं डेरेदार होती, रोपवाटिका कुणी केली नाही. हा दोष त्या दोघांचा म्हणता येणार नाही. संघटनांनी त्यांच्याकडून निकाल घेतले, त्यांची वही मागून घेतली नाही.

मग मोठं कोण?

प्रश्न टाळत नाही. माझं मत रहीमसाहेबांना. कुलासोंची पाच विजेतेपदं त्यापुढे लहान होत नाहीत, आणि लीगच्या लांब पल्ल्याचा विचार केला तर या देशात त्यांच्याइतका चिवट प्रशिक्षक शोधावा लागेल. पण रहीमसाहेबांनी जे केलं ते पैसा, परदेशी खेळाडू, हिरवळ यांतलं काहीही नसताना उद्या सकाळी कुणालाही सुरू करता येईल असं आहे. माझ्या मोजपट्टीत हेच सगळ्यात वर येतं.

ही मोजपट्टी कुठली घ्यायची, हा नुसत्या गप्पांचा विषय नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. या चांगल्या सोयी आहेत. पण त्यामुळे पालकांचा मैदानावरचा पहिला प्रश्न असतो, "सर, सर्टिफिकेट कधी?" मग चौदा वर्षांखालच्या संघात सर काय करणार? वयाच्या मानाने उंच, दांडगा मुलगा घेणार, त्याच्या चांगल्या पायावर भिस्त ठेवणार आणि जिल्हा जिंकणार. कमजोर पाय कमजोरच राहतो. बारीक चणीचा, उशिरा वाढणारा मुलगा घरी जातो. ब्रायंट यांच्या अलाबामात रंग पाहून मुलं बाहेर राहायची. आपल्याकडे उतावळेपणाने राहतात, आणि शहरापासून लांब राहणाऱ्या मुली तर मैदानापर्यंत पोचतही नाहीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर राबणारा एखादा प्रशिक्षक आज कमजोर पायाची स्पर्धा भरवायची म्हणाला, तर त्याला किती पालक साथ देतील? त्याच्या अहवालात त्या स्पर्धेसाठी रकाना तरी असेल का? पदकांचा रकाना असतो. त्यामुळे पदकंच मोजली जातात, आणि जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं.

तुमच्या ओळखीत कुणी प्रशिक्षक असतील तर त्यांना किती मेडलं आली हे विचारू नका. गेल्या वर्षी ज्या मुलांना तुम्ही संघात घेतलं नाही, त्यांतली किती अजून खेळायला येतात, एवढं विचारा. या प्रश्नाचं चांगलं उत्तर देणारा माणूस सापडला, तर काचीगुड्याच्या मास्तरांचा वारस तुमच्याच गावात आहे.