मिडी स्वरसंपादन

संगीतनिर्मितीच्या संगणकप्रणालीत स्वराची उंची, आरंभ, लांबी व आघात यांच्या अंकरूप नोंदी दुरुस्त करण्याची प्रक्रिया. मिडीत ध्वनी नसतो, वाद्याला दिलेल्या आज्ञा असतात. म्हणून चुकलेला स्वर पुन्हा न वाजवता बदलता येतो (पहा : ध्वनिमुद्रण).

डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी हे संकेतप्रमाण १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. संपादनाच्या ‘पियानो रोल’ खिडकीचे नाव स्वयंचलित पियानोच्या छिद्रांकित कागदी गुंडाळीवरून पडले.

स्वरांना ० ते १२७ क्रमांक असतात. मात्रेचे ९६० टिक धरल्यास, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक टिक सुमारे अर्धा मिलिसेकंद भरतो. ‘क्वांटाइझ’ आज्ञा स्वराला जवळच्या कालरेषेवर नेते. ती पूर्ण लावल्यास वादकाच्या लयीतील स्वाभाविक मागेपुढेपणा पुसला जातो, म्हणून अंशतः लावणे इष्ट (पहा : लय).

हिंदुस्थानी संगीतात खरी कसोटी उंचीची. स्वरांचे क्रमांक सहसा सप्तकाच्या १२ समान भागांवर बेतलेले असतात. याउलट कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या ग्रंथात २२ श्रुतींची मांडणी केली होती (पहा : श्रुती). नैसर्गिक शुद्ध गंधार समभाग गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धस्वराचे शतांश) खाली असतो. ‘पिच बेंड’ या उंची सरकवणाऱ्या आज्ञेचा पल्ला दोन अर्धस्वर असल्यास त्यासाठी मूल्य ८१९२ वरून सुमारे ५६० ने उतरवावे लागते. मींडही याच मूल्यांच्या वक्ररेषेने आखतात. मात्र हे मूल्य त्या चॅनलवरील सर्व स्वरांना लागू होते. स्वरागणिक स्वतंत्र उंचीची सोय २०२० च्या मिडी २.० मध्ये आहे.