हाताचा हिशेब

सोलापुरात 1877 साली मुरारजी गोकुळदासांची गिरणी, जिला शहराने पुढे जुनी गिरणी हे नाव दिले, सुरू झाली आणि तेव्हापासून इथल्या हजारो घरांची भाकरी यंत्रावर राबणाऱ्या हाताशी बांधली गेली. 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे पुणे रस्त्यावर चिंचोळीस वसाहत वसविली, तेव्हा यंत्रे बदलली, कापडाच्या जोडीला रसायनांचे कारखाने आले, परंतु हात आणि यंत्र यांचा तो संबंध तसाच राहिला.

यंत्रात हात सापडला तर पुढे काय, या प्रश्नाला सरकारदरबारी रीतसर उत्तर मिळाले ते 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. त्याच्या परिशिष्टात अवयवांचा जाबताच मांडलेला होता: पुढील दुरुस्तीनंतर स्थिरावलेल्या दरांप्रमाणे अंगठा गेल्यास कमाईची शक्ती शेकडा 30 ने घटली, तर्जनी समूळ गेल्यास 14 ने, मधले बोट गेल्यास 12 ने, असे धरले जाई. मालकाच्या मर्जीवर सोपविलेल्या मजुरास हा तपशील म्हणजे मोठाच आधार होता, याविषयी दुमत नसावे. मात्र त्या हिशेबात वेदनेचा रकाना नव्हता. जखम भरून आली, टाके निघाले, डॉक्टरांचा दाखला मिळाला की दफ्तर बंद. आणि अंग गमावलेल्या माणसाची खरी कैफियत पुष्कळदा त्यानंतरच सुरू होते. सदऱ्याची बाही नुसती घासली तरी थोटकाची आग होते, नसलेले बोट रात्रभर ठणकते. अशा तक्रारीस कामचुकारपणा म्हणून मोकळे होणे फार सोपे असते.

वैद्यकास ही तक्रार अपरिचित नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या जखमींवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल यांनी 1872 च्या ग्रंथात दुखावलेल्या मज्जातंतूंची ही जळजळ बारकाईने वर्णिली होती. पण तिच्या कारणाचा माग हाताच्या फार आत, मज्जारज्जूत आणि मेंदूत, लागावयाचा होता. 1919 साली माद्रिद येथे पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे पातळ काप रंगवून, चेतापेशींच्या दाटीत दडलेल्या सूक्ष्म फांद्यांच्या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. इजा होताच या पेशी फांद्या आवरून घेतात, अंगाने जाड होतात आणि मृत अवशेष गिळतात, हेही त्यांनी टिपले. 1968 साली म्यूनिकमध्ये ब्लिंझिंगर व क्रॉइट्झबर्ग यांनी उंदराच्या चेहऱ्याचा मज्जातंतू कवटीबाहेर छेदला. तरीही मेंदूच्या बुंध्यातील मूळ चेतापेशींभोवती मायक्रोग्लिया गोळा झाल्या आणि त्या चेतापेशींवरील जोडण्या त्यांनी अलग केल्या. जखम बाहेर झाली, पहारा आत जागा झाला.

हा पहारा उपकारक असतो, तसा कधी जाचकही होतो. 2003 साली जपानी व कॅनडातील संशोधकांनी दाखविले की मज्जातंतू दुखावलेल्या उंदराच्या मज्जारज्जूत या पेशींवरील एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) रोखला, तर स्पर्शाने उठणारी वेदना ओसरते. उलट उत्तेजित मायक्रोग्लिया निरोगी उंदराच्या मज्जारज्जूलगत सोडल्या, तर जखम नसतानाही ती वेदना उपजते.

माणसाच्या साऱ्या वेदनेचे खापर या एका पेशीवर फोडता येणार नाही. अंग गेल्यावर मेंदूतील त्या अंगाचा नकाशाही बदलतो, असे काही संशोधक मानतात. तथापि इतके निर्विवाद सिद्ध झाले आहे की मज्जातंतूची दुखापत कातडी मिटल्याने संपत नाही, तिचे पडसाद मज्जारज्जूत आणि मेंदूत उमटत राहतात. म्हणून चिंचोळीच्या एखाद्या कारखान्यातील कामगार दाखला मिळाल्यावरही हात दुखतो असे सांगत असेल, तर त्याचे सांगणे हा पुरावा आहे. डॉक्टरांनी तो तपासावा, दफ्तराने तो नोंदवावा, आणि शंभर वर्षे बोटे मोजत आलेल्या आपल्या व्यवस्थेने वेदनेसाठीही एक रकाना आखावा. नुकसानीच्या भरपाईचा न्याय तेव्हाच पुरा होईल.