शाळा कोणाची? अचलपूरच्या नगरशिक्षणाचा वृत्तान्त

शहरातील प्राथमिक शाळा शहराची की सरकारची, हा प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट भासण्याचा संभव आहे. परंतु इमारत कोणी बांधावी, शिक्षकास वेतन कोणी द्यावे, अभ्यासक्रम कोणी आखावा आणि मूल शाळेत न आल्यास त्याच्या घरी चौकशीस कोणी जावे, ही चार कामे निरनिराळ्या हातांत पडली म्हणजे त्या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. वऱ्हाडातील अचलपूर शहराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हे नगर प्राचीन. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात या गावाची आठवण केली आहे, तीही शब्दशास्त्राच्या निमित्ताने. लोकांच्या तोंडी या नावातील 'च' आणि 'ल' परस्परांच्या जागा घेतात, अशी त्याची नोंद आहे. इंग्रजी दप्तरातील 'एलिचपूर' हे त्याच अदलाबदलीचे अपत्य म्हणता येईल. पुढे १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडची इमादशाही येथे नांदली. नंतर मोगल, निजाम आणि स्थानिक नवाब यांचा अंमल झाला. त्यामुळे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने राहत आल्या. जुन्या काळी पंतोजी आणि मौलवी यांचा योगक्षेम विद्यार्थ्यांच्या घरांतून व आश्रयदात्यांकडून चाले. ही विद्या कोणाच्या मालकीची, हे कोणी विचारीत नसे. पण ज्याच्या घरी देण्यास काही नाही त्याच्या मुलाची वाट तेथे बंद होती, हेही तितकेच खरे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढील दशकांत सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. अचलपूरची नगरपालिका १८६९ सालची. म्हणजे सरकारी शाळा आणि नगरपालिका या दोन्ही संस्था जवळपास एकाच सुमारास गावात आल्या. मात्र आरंभी त्यांचा परस्परांशी संबंध बेताचाच होता. १८८२ हे साल या बाबतीत महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या स्वाधीन कराव्यात, असा पक्ष मांडला. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी रयतेच्या करातून जमलेले द्रव्य वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडते, अशी तक्रार नोंदवून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. वऱ्हाडासाठी ग्रामीण मंडळांचा कायदा १८८५ साली व नगरपालिकांचा १८८६ साली झाला.

या व्यवस्थेत भार आणि अधिकार यांची वाटणी विषम झाली. शाळेचे छप्पर गळू लागले की लोक नगरपालिकेकडे बोट दाखवीत; उलट पाठ्यक्रम, तपासणी व परीक्षा यांची सूत्रे खात्याच्या हाती राहिली. त्यातच १९०५ साली एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा मोडून अमरावती जिल्ह्यात विलीन करण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे सुमारे ५० किलोमीटर दूर गेले. ज्या गावाने राजधानीचा मान भोगला होता, त्या गावास आता जिल्हा-दरबारीची दाद मागण्यासाठी अमरावतीचा रस्ता धरावा लागला.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न याच सुमारास ऐरणीवर आला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ पासून तो संस्थानभर लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले विधेयक फेटाळले गेले. करवीरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली हाच मार्ग स्वीकारला. मध्यप्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला; त्याने सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली. मुभा दिली, आज्ञा केली नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. सक्ती करावयाची म्हणजे आधी वर्गखोल्या व शिक्षक हवेत. त्यासाठी कर हवा. आणि कर बसविणाऱ्या सभासदास पुन्हा त्याच मतदारांपुढे उभे राहावयाचे असते. कायदा कागदावर राहतो तो बहुधा याच ठिकाणी. १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्षपद आणि १९३० साली प्रांताचे शिक्षणमंत्रिपद भूषविणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या कर्त्या पुरुषांनी शिक्षणास वऱ्हाडच्या राजकारणात अग्रस्थान दिले, ही त्या काळाची जमेची बाजू होय.

स्वातंत्र्योत्तर काळात चौकटी अनेकदा बदलल्या. १९४८ साली जनपद सभा आल्या. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. अचलपूर शहराच्या शाळा मात्र नगरपालिकेकडेच राहिल्या. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने शिक्षणासाठी सभासदांच्या समितीची तरतूद केली. तेथे मराठी व उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा चालतात. म्हणजे शिक्षक दोन प्रकारचे, पुस्तके दोन भाषांतील. एका शाळेत शिक्षक अधिक झाला म्हणून तो दुसऱ्या माध्यमाच्या रिकाम्या वर्गावर धाडता येत नाही. राज्याच्या राजधानीत बसून काढलेल्या एकसाची हुकमात ही अडचण सहसा मावत नाही. ती गावातील माणसासच दिसते.

२०१० च्या १ एप्रिलपासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्या हद्दीतील मुलांची नोंद ठेवण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थेवर टाकले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्याने ठरविले. १९२० साली जी मुभा होती ती आता मुलाचा हक्क झाली आहे.

तथापि कायद्याने हक्क मिळतो, आस्था मिळत नाही. सुस्थित घरांची मुले खाजगी शाळांकडे वळली की नगरपालिकेची शाळा केवळ गरिबांची उरते, आणि ज्यांच्या शब्दास गावात वजन आहे त्यांना तिच्या गळक्या छपराची झळ लागत नाही. मग समितीच्या सभेस कोणी जात नाही, जमाखर्च कोणी वाचत नाही, आणि सर्व अधिकार हळूहळू दूरच्या कचेरीकडे सरकतात. अचलपूरचा जिल्हा एका हुकमाने गेला. गावची शाळा हुकमाने जात नाही, ती दुर्लक्षाने जाते. तिच्यात ज्यांची मुले नाहीत अशा नागरिकांनीही तिची विचारपूस करणे, हीच नगरस्वराज्याची खरी परीक्षा होय.