चित्रप्रदर्शने, मुंबईतील

निवड समिती, परीक्षक व पदके यांच्या द्वारा चित्रकलेतील ग्राह्याग्राह्य ठरविणारी सार्वजनिक प्रदर्शने. यूरोपातील या प्रथेचे ठळक उदाहरण म्हणजे पॅरिसचे ‘सालाँ’ हे राजमान्य प्रदर्शन होय. तेथे नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने भरले. १८७४ मध्ये मॉने, दगा, पीसारो प्रभृतींनी सालाँला डावलून स्वतंत्र प्रदर्शन भरविले व त्यानंतर दृक्‌प्रत्ययवाद ही संज्ञा रूढ झाली. मुंबईत हा संघर्ष निराळ्या रीतीने घडला.

मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. कलाविद्यालय सुरू झाले व १८८८ मध्ये बाँबे आर्ट सोसायटी स्थापन झाली. विद्यालयात शिकविली जाणारी यथार्थदर्शी शैलीच सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत प्रमाण मानली जाई. म. वि. धुरंधर यांना १८९५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. पदकामुळे चित्रकाराचे नाव होई व व्यक्तिचित्रांची कामे मिळत. त्यामुळे परीक्षकांची अभिरुची हा केवळ सौंदर्यदृष्टीचा नव्हे, तर उपजीविकेचाही प्रश्न होता. १९१८ मध्ये सा. ल. हळदणकर प्रभृती भारतीय कलावंतांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही स्वतंत्र संस्था स्थापून त्यास एक उत्तर दिले.

दुसरे उत्तर शैलीच्या अंगाने आले. ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती पूर्वीच केल्या होत्या. १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी यथार्थ रेखाटनास भारतीय अलंकरणाची जोड दिली. पुनरुज्जीवनवादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या शैलीचा बंगाल संप्रदायाशी वाद झाला.

आधुनिक चित्रकलेचा प्रवेश मात्र सोसायटीच्याच दारातून झाला. पॅरिसमध्ये शिकलेल्या व १९३३ मध्ये तेथील सालाँच्या सहसदस्या झालेल्या अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व शिल्पकार बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. ॲकॅडेमिक व पुनरुज्जीवनवादी या दोन्ही शैली नाकारणाऱ्या या गटाचे १९४९ मधील मुंबईचे प्रदर्शन सोसायटीच्याच दालनात भरले. त्याचे उद्‌घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन सुरू झाल्यावर नव्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी आणखी एक हक्काची जागा मिळाली.

पॅरिसमधील बंडखोरांना सालाँच्या बाहेर पडावे लागले. मुंबईत प्रस्थापित संस्थेनेच प्रतिपक्षालाही आपल्या भिंती दिल्या. मुंबईच्या कलाजीवनात परस्परविरोधी शैली दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदल्या, याचे एक कारण हेच होय.