डोळा होऊन मागे राहिलेला बाप

बारावीचा निकाल लागला आणि मुलीने पुण्याला शिकायला जायचं काढलं. माझे प्रश्न लगेच सुरू झाले. राहणार कुठे, सोबत कोण, रात्री उशीर झाला तर काय? तिने ऐकून घेतलं आणि हसत म्हणाली, "अम्मी, तू अगदी मेदामा-ओयाजी झालीस."

हे कोण, म्हणून विचारलं तर तिने मोबाईलवर एक जपानी ॲनिमे लावून दिलं, 'गेगेगे नो कितारो'. कितारो हा भुताखेतांच्या वंशातला मुलगा. त्याच्या केसांत बसलेला त्याचा म्हातारा बाप म्हणजे हा मेदामा-ओयाजी. शरीर एवढंसं, आणि डोक्याच्या जागी फक्त एक डोळा. वाटीतल्या गरम पाण्यात बसून आंघोळ करतो आणि चिरक्या आवाजात सतत पोराची काळजी करतो. मला आधी हसू आलं. मग शिक्षकाची खोड, याची निर्मिती कोणी केली ते शोधायला बसले. हसू तिथेच थांबलं.

त्याची जन्मकथा अशी. भूतवंशातलं शेवटचं जोडपं आजाराने मरतं. आई पोटुशी असतानाच दफन होते आणि बाळ कबरीतून स्वतः वर येतं. बापाचं शरीर आजाराने सडून गेलेलं असतं. पण या पोराला आता कोण बघणार, या एका चिंतेने त्याचा एक डोळा प्रेतातून गळून पडतो, त्याला हातपाय फुटतात आणि तो मुलाच्या मागे चालू लागतो. कितारोलाही डावा डोळा नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की हा त्याचाच निखळलेला डोळा. तसं नाही. तो बापाचा आहे.

या कथेचं मूळ फार जुनं आहे. जपानमध्ये एक लोककथा सांगतात. एक फिकट चेहऱ्याची बाई रोज रात्री दुकानात येऊन गोळ्या विकत घेते. दुकानदार एकदा तिच्या मागे जातो, तर ती कबरस्तानात नाहीशी होते. कबर उघडल्यावर मेलेल्या आईजवळ जिवंत बाळ सापडतं. या कथेवरून १९३० च्या दशकात 'कामिशिबाई'वाल्यांनी कितारोचा खेळ रचला. कामिशिबाईवाले म्हणजे सायकलवर चित्रांची पेटी घेऊन गल्लोगल्ली गोष्टी सांगणारे. लढाईनंतर शिगेरू मिझुकी नावाचा चित्रकार त्याच धंद्यात आला आणि कितारो त्याच्या हाती पडला. १९६० मध्ये त्याने भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथांसाठी तो नव्याने लिहिला. १९६८ मध्ये त्याची टीव्ही मालिका झाली.

हा मिझुकी कोण होता, ते कळल्याशिवाय तो डोळा कळत नाही.

त्याचा जन्म १९२२ चा, बालपण साकाइमिनातो या समुद्रकाठच्या गावात गेलं. घरी कामाला येणारी एक म्हातारी होती, तिला सगळे नोन्नोनबा म्हणत. छतावर डाग दिसला की ती सांगे, हे छत चाटणाऱ्या भुताचं काम. रात्री रस्त्यात मागून पावलं वाजली तर घाबरायचं नाही. बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, "बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा." आमच्या दादीच्या जिन्नांच्या गोष्टी आठवल्या. फरक एवढाच, की दादी आम्हाला मगरीबनंतर घराबाहेर पडू देत नसे आणि नोन्नोनबा अंधारातून चालायचं कसं ते शिकवत होती.

विशीत मिझुकीला सैन्यात भरती करून न्यू ब्रिटन बेटावर, रबाउलला पाठवलं. (सिंगापूर पडल्यावर कैद झालेले हजारो भारतीय शिपाईही जपान्यांनी याच भागात मजुरीला आणले होते. त्यांतल्या अनेकांच्या कबरी आजही तिथे आहेत.) एका पहाटे तो पहाऱ्यावर असताना तुकडीवर हल्ला झाला आणि सगळे मारले गेले. हा एकटा जंगलातून, समुद्रातून जीव वाचवत तळावर पोचला. तिथे वरिष्ठांनी त्याला विचारलं, सगळे मेले, मग तू जिवंत का आलास? पुढे मलेरियाने अंथरुणावर असताना बॉम्बहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. बाकीचं आयुष्य तो एका हाताने चित्रं काढत राहिला.

हे वाचलं आणि मेदामा-ओयाजी मला वेगळाच दिसू लागला. मिझुकीने असं कुठे म्हटलंय म्हणून नाही, हे माझं वाचन आहे. त्या काळातल्या जपानमध्ये वडीलधारी माणसं पोरांना मरायला पाठवत होती आणि जिवंत परतणं ही शरमेची गोष्ट झाली होती. त्या जपानमधून परतलेल्या माणसाने असा एक बाप काढला, ज्याचं सगळं शरीर गेलं आणि उरली ती फक्त पोरावरची नजर. पोर जगलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. कितारोच्या मदतीला येणारी वाळू उधळणारी म्हातारी आणि बाळासारखा रडणारा म्हातारा हेही लोककथांतले म्हातारेच. इतक्या आजी-आजोबांच्या राखणीत वाढणारं पोर मुलांच्या गोष्टींत क्वचितच भेटतं.

एक गंमत सांगते. इसामू तानोनाका या नटाने २०१० मध्ये मृत्यू येईपर्यंत, पाचही टीव्ही मालिकांमध्ये या बापाला आवाज दिला. २०१८ च्या मालिकेत ते काम मासाको नोझावा यांच्याकडे आलं. पहिल्या मालिकेत कितारोचा आवाज त्यांचाच होता. म्हणजे पन्नास वर्षांनी मुलाचा आवाज बापाचा झाला.

इथे मला माझे अब्बा आठवले. डिसेंबर १९९२ मध्ये मी सातवीत होते. आमच्या गावात काही घडलं नाही, पण मुंबईच्या बातम्या रोज येत होत्या. त्या हिवाळ्यापासून अब्बा शाळा सुटायच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहू लागले. मैत्रिणी हसायच्या, मला लाज वाटायची. पुढे तालुक्याच्या गावी बीएडला प्रवेश मिळाला तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी नको म्हटलं. अब्बांनी पहिला आठवडाभर माझ्यासोबत एसटीने प्रवास केला आणि दिवसभर कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. दुसऱ्या सोमवारी स्टँडवर मला पास दिला आणि म्हणाले, "आता रस्ता तुला माहीत आहे."

मेदामा-ओयाजीही कितारोला घरात कोंडत नाही. संकट आलं की केसांत बसून सोबत निघतो. लढायची ताकद त्याच्यात नाही. कोणतं भूत कशाला घाबरतं, हे मात्र त्याला ठाऊक असतं, आणि तो ते कानाशी सांगत राहतो.

मुलीने मला त्याचं नाव दिलं, पण मला ते अजून शोभत नाही. ते अब्बांना शोभलं असतं. मी तर एवढे दिवस फक्त दारात उभी राहून प्रश्न विचारत होते.

रविवारी आम्ही दोघी पुण्याला जाऊन हॉस्टेल बघून येणार आहोत. तिकिटं तिनेच काढली आहेत.