जांभळ्या ओघळांचा मागोवा

धुऊन पुसलेल्या पांढऱ्या गाडीच्या दारावर एक पाण्यासारखा द्रव फवारतात. मिनिटभर काहीच होत नाही. मग टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके उमटू लागतात, ठिपक्यांचे ओघळ होतात, आणि स्वच्छ समजलेल्या दारावरून जांभळं पाणी खाली गळतं. सोबत कुजक्या अंड्यासारखा वास येतो. गाड्या चकाचक करून देण्याच्या, म्हणजे डिटेलिंगच्या धंद्यात या द्रवाला आयर्न रिमूव्हर म्हणतात. तो विकताना दुकानदाराला फारसं बोलावं लागत नाही, ते काम ओघळच करतात. अर्ध्या लिटरची देशी बाटली चार-आठशे रुपयांच्या घरात मिळते, परदेशी नावाची त्याच्या दुपटीला किंवा तिपटीलाही. गाडीचा मालक ओघळ बघतो, एवढं लोखंड अंगावर घेऊन आपण हिंडत होतो याची त्याला जरा शरम वाटते, आणि तो पैसे मोजतो.

ब्यूटी पार्लरमध्ये ज्यांनी कधी केस कुरळे करून घेतले असतील, त्यांना मात्र हा वास गॅरेजमधला वाटणार नाही. घरात अ‍ॅन फ्रेंच या केस काढायच्या क्रीमची ट्यूब उघडल्याचं आठवत असेल, तर त्यांनाही नाही. फवाऱ्याच्या बाटलीचं सुरक्षापत्रक वाचलं तर बहुतेक वेळा सोडियम किंवा अमोनियम थायोग्लायकोलेट हे नाव सापडतं. केस कुरळे करण्याच्या लोशनमध्ये याच थायोग्लायकोलिक आम्लाचा अमोनियम क्षार असतो आणि केस काढण्याच्या क्रीममध्ये कॅल्शियम क्षार. एकच कुटुंब, तीन दुकानं.

या कुटुंबाचा पहिला पत्ता दुकानाचा नव्हता, प्रयोगशाळेचा होता. थायोग्लायकोलिक आम्ल लोखंडाच्या संपर्कात आलं आणि द्रावण आम्लारी असलं की गडद तांबडा-जांभळा रंग येतो, हे रसायनशास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. १९२७ मध्ये लायन्स नावाच्या संशोधकाने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात या रंगाचा उपयोग लोखंडाच्या चाचणीसाठी मांडला. पाण्यात किंवा एखाद्या नमुन्यात लोखंड अगदी लेशमात्र असलं तरी रंग येतो, आणि रंग जितका गडद तितकं लोखंड जास्त. त्या चाचणीत लोखंड काढून टाकायचं नव्हतं, ते आहे का आणि किती आहे एवढंच विचारायचं होतं. ही गोष्ट इथेच लक्षात ठेवलेली बरी, पुढच्या सगळ्या व्यापारात ती हळूच उलटी झालेली दिसते.

यानंतर गोष्ट केसांकडे वळते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड गोडार्ड आणि लिओनोर मायकेलिस यांना एक साधा प्रश्न पडला होता: मांस पचवणारी विकरं केस, नखं, पिसं यांच्यापुढे हात का टेकतात? हे मायकेलिस म्हणजे मेंटेन यांच्याबरोबर १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचं समीकरण मांडणारेच. बर्लिनमध्ये मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून ते जपानमध्ये नागोयाला शिकवायला गेले आणि तिथून पुढे अमेरिकेत पोचले. १९३४ मध्ये दोघांनी केराटिनवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. केसांच्या प्रथिनात गंधकाच्या दोन-दोन अणूंचे सांधे असतात. थायोग्लायकोलिक आम्ल आम्लारी द्रावणात ते सांधे सोडवतं, आणि मग केस मऊ होतो, वळवावा तसा वळतो. सांधे पुन्हा जुळू दिले की तोच आकार टिकतो.

यात पैसा आहे हे उद्योगाने लगेच ओळखलं. तोवर केस कायमचे कुरळे करायचे तर डोक्यावर तापलेल्या नळ्यांचं यंत्र टांगून बसावं लागे. १९३८ च्या सुमारास यंत्राशिवाय, उष्णतेशिवाय करायची ‘कोल्ड वेव्ह’ पद्धत आली आणि १९४० च्या दशकात थायोग्लायकोलेटच्या लोशनने ती घरोघरी नेली. अमेरिकेत ‘टोनी’ नावाचा घरगुती संच इतका खपला की १९४८ मध्ये जिलेटने ती कंपनीच विकत घेतली. एक बहीण पार्लरमधून आलेली, दुसरीने घरीच केस कुरळे केलेले, ओळखा पाहू कोणती, अशी जुळ्या बहिणींची त्यांची जाहिरात गाजली होती. याच रसायनाच्या द्रावणाचा आम्लारीपणा बराच वाढवला की केस वळण्याऐवजी तुटतो. केस काढायच्या क्रीमचं गुपित एवढंच.

या साऱ्या काळात गाडीच्या रंगाचा आणि या रसायनाचा काहीही संबंध नव्हता. लोखंडाचे ठिपके मात्र होते. अमेरिकेत १९६० च्या दशकात नव्या गाड्या दोन-तीन मजली उघड्या वॅगनमधून रेल्वेने देशभर जाऊ लागल्या. रूळ आणि चाक यांच्या घर्षणाची, ब्रेकची लोखंडी धूळ टपांवर बसे, दमट हवेत गंजे, आणि शोरूमला उतरलेल्या कोऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसत. त्या धंद्यात याला ‘रेल डस्ट’ असंच नाव पडलं. वॅगनना पुढे छप्पर आणि बाजूचे पत्रे आले, ते चोरी आणि दगडफेकीच्या त्रासामुळेही, पण ठिपके संपले नाहीत. पोलाद कारखान्यांजवळच्या आवारांत गाड्या उभ्या असत, तिथेही तोच त्रास होता.

आपल्याकडे कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या आवारात किंवा जालन्याच्या रोलिंग मिलजवळ रोज गाडी लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मुंबईत कुर्ला, दादर, ठाणे इथल्या रुळांलगतच्या सोसायट्यांत गच्चीच्या पांढऱ्या टाइल्सवरसुद्धा हे ठिपके दिसतात. पावसाळ्यात ते जास्त उठून येतात. लोखंड गंजताना फुगतं, आणि रंगाच्या बारीकशा खळग्यात बसलेला कण फुगला की खळगा रुंद होतो. तापलेला कण रंगात वितळून रुततो असं डिटेलिंगवाले सांगतात. मला वाटतं, खरा घात या सावकाश फुगण्यानेच होतो.

पूर्वी याची कुणाला फारशी फिकीर नव्हती, कारण रंगच तसा होता. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर वरपासून खालपर्यंत एकच रंग असे. खरखर वाटली की रबिंग पॉलिशने घासायची, फडक्याला गाडीचा रंग लागायचा, वरचा थर निघून जायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत जगभर रुळली. हा थर साधारण केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही पातळ. तो घासून संपला की पुन्हा येत नाही. त्यामुळे न घासता लोखंड काढायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासून महाग झाला.

पहिला उपाय ऑक्झॅलिक आम्लाचा. आपल्याकडे फरशी पॉलिश करणारे मोझॅकवर शेवटचा हात याच पांढऱ्या पावडरीचा देतात. ते लोखंडाला धरून पाण्यात विरघळवतं आणि किलोला लागतात तेवढ्या पैशांत आयर्न रिमूव्हरची एक बाटलीही येत नाही. अमेरिकेत रेल डस्टसाठी या आम्लाचे धुण्याचे संच निघाले: आधी आम्ल, मग ते मारायला आम्लारी साबण, मग धुणं. काम होतं, पण आम्ल विषारी असतं आणि उघड्या धातूला चावतं. बोअरच्या जड पाण्यात तर कॅल्शियमशी मिळून ते न विरघळणारी पांढरी साय तयार करतं. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याने ज्यांनी हा प्रयोग केला, त्यांनी ठिपके काढून डाग मिळवले.

दुसरा उपाय जपानहून आला. चिकणमातीसारख्या मऊ गोळ्यात बारीक घासणारी पूड मिसळायची आणि साबणपाण्यावरून तो गोळा रंगावर फिरवायचा, म्हणजे वर आलेले कण गोळ्यात अडकून निघतात. तादाओ कोदाते यांच्या नावावर याचं १९९५ चं अमेरिकन पेटंट आहे. त्याच्या शीर्षकात या वस्तूला लवचिक घासणीचा दगड म्हटलंय, आणि हे वर्णन जाहिरातींपेक्षा प्रामाणिक आहे. क्ले बार म्हणून आज विकली जाते ती घासणीच आहे. लोखंडाच्या कणांनी भरलेला गोळा रंगावर फिरवला तर ओरखडे उठणारच.

दरम्यान धुळीचा मोठा कारखाना गाडीच्या चाकातच उभा राहिला होता. अ‍ॅस्बेस्टॉसचे ब्रेक पॅड मोडीत निघाले, त्यांची जागा पोलादी तंतू आणि लोहपूड असलेल्या पॅडनी घेतली. ते ज्या डिस्कवर घासतात ती बिडाची. जोरात ब्रेक लावणाऱ्या जर्मन गाड्यांची पांढरी-चंदेरी अलॉय व्हील्स आठवड्यात तपकिरी होऊ लागली. ती धुवायला कारवॉशमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या जातीची जहाल रसायनं वापरली जात. त्यांनी कामगाराची बोटं भाजत आणि चाकाचा चकचकीतपणाही जाई. इथे थायोग्लायकोलेटला जागा मिळाली. द्रावण जवळजवळ उदासीन असतं, धातूला फारसं खात नाही, लोखंडाला मात्र घट्ट धरतं. सोनॅक्ससारख्या जर्मन कंपन्यांनी लाल होणारे व्हील क्लीनर लोकप्रिय केले. २०१० च्या आसपास दक्षिण कोरियात बनणारं कारप्रोचं आयर्न-एक्स चाकावरून रंगावर आलं, आणि ओघळांचे फोटो जगभर पसरले.

चाचणीचं रसायन सफाईचं झालं ते असं, आणि उलटापालट इथेच झाली. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. त्या लालीतून साबण आम्लारी आहे एवढंच कळतं, डाग निघाला असा अर्थ कुणी घेत नाही. गाडीच्या दारावर मात्र जांभळा रंग दिसला की आपण सफाई झाली असं धरून चालतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की इथे लोखंड होतं आणि त्यातलं काही आता विरघळतंय. अतिशय थोड्या लोखंडालाही स्पष्ट दिसणारा रंग येतो, म्हणून तर ती चांगली चाचणी होती. ओघळ भरपूर असले म्हणजे मळ भरपूर होता, असं नाही. काळ्या गाडीवर हीच रसायनक्रिया तेवढीच होते, पण डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या गाडीचा मालक या बाटलीवर जास्त खूश असतो, त्याचं मोठं कारण हेच.

मग पैसे वसूल होतात का? चाकांवर, हो. चार चाकांना थोडकं लागतं, लोखंड तिथेच सर्वांत जास्त असतं, आणि आम्लाचे पर्याय धोक्याचे आहेत. अंगभर फवारायचं तर अर्ध्या बाटलीपासून अख्खी बाटली संपते, तिथे आधी खात्री करावी. धुतलेल्या ओल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं फिरवली की कणांची खरखर स्पष्ट लागते. खरखर नसेल तर बाटली फडताळात राहू दे. असेल तर टपावर किंवा डिकीवर हातभर जागेत फवारून बघावं, म्हणजे बाटलीचा वापर लायन्सच्या चाचणीसारखा होतो. फिकट रंगाच्या गाडीवर तरी तेवढ्यात उत्तर मिळतं, आणि तिथे काहीच उमटलं नाही तर उरलेल्या गाडीसाठी पैसे ओतायचं कारण राहत नाही. ती खरखर मग डांबराची, झाडाच्या चिकाची किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षारांची असते, आणि या तिन्हींना थायोग्लायकोलेट हात लावत नाही. जुना, गंजाचं जाड कवच चढलेला कण एका फवाऱ्यात जात नाही. दुसरा फवारा आणि नंतर हलक्या हाताने क्ले, हा क्रम बरा. क्ले करायचंच असेल तर आधीचा फवारा फुकट जात नाही, कारण घासणीखाली लोखंड कमी राहतं.

दोन बाटल्यांत निवडायचं झालं तर नाव आणि वास झाकायला घातलेला सुगंध सोडून सुरक्षापत्रकातलं थायोग्लायकोलेटचं प्रमाण बघावं. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साबण असतो. दाट द्रव उभ्या दारावर जास्त वेळ टिकतो, त्याला थोडे जास्त पैसे देणं समजण्यासारखं आहे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर फवारू नये, वाळू देऊ नये आणि हातमोजे घालावेत. केस कुरळे करणाऱ्या कारागिरांच्या हातांना या कुटुंबातल्या रसायनांची अ‍ॅलर्जी होते, हे त्वचारोगतज्ज्ञ कित्येक दशकं नोंदवत आले आहेत. तोच त्रास सर्व्हिस सेंटरमध्ये उघड्या हातांनी दिवसभर चाकं धुणाऱ्या पोराला होऊ शकतो. त्याच्या हातमोज्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी बिलात कुठेच नसतात.

धूळ मुळातच कमी करायचा प्रयत्न आता कायद्याने सुरू झालाय. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरोपच्या युरो ७ नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली आहे. साध्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या मोटारीला ३. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोल गाडीच्या हिशेबात ही मर्यादासुद्धा १०५ ग्रॅम बारीक धूळ भरते. आपल्या भारत स्टेज ६ मध्ये ब्रेकच्या धुळीचा उल्लेख नाही. विजेच्या गाड्या वेग कमी करताना विद्युत मोटरचाच ब्रेकसारखा उपयोग करतात, त्यामुळे त्यांची चाकं कमी काळवंडतील आणि व्हील क्लीनरचा खपही उतरेल. पण शिरोलीत कास्टिंगचं ग्राइंडिंग चालूच राहील, ठाण्याचे रूळही झिजत राहतील. तिथे उभ्या गाडीच्या टपावर पडणारं लोखंड दुसऱ्याचं असतं, गाडी कशावर चालते याचा त्याच्याशी संबंध नाही.